दिनकररावांच्या तोंडचे शब्द

दिनकरराव बोलायला उभे राहिले की बोरीच्या आठवडी बाजारातला गलका आपोआप खाली बसायचा. माणूस उंचापुरा, आवाज भरदार, आणि शब्द असे की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याच मनातलं ह्यानं बरोबर उचललं. बोरीपासून कोसाभरावर त्यांचं गाव, काळं भारी रान, आणि पंचायत समितीत ते दुसऱ्यांदा निवडून आलेले. लोक म्हणायचे, रावांच्या जिभेवर सरस्वती आहे. ती सरस्वती रावांच्याच स्वयंपाकघरात भाकरी थापत असते, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं.

त्यांची बायको कस्तुराबाई परभणीची. शाळेत असताना तिनं वक्तृत्वात इतकी बक्षिसं घेतली होती की मोठ्या बाई पाहुण्यांपुढे तिला मुद्दाम उभं करायच्या. मॅट्रिक झाली आणि लग्न होऊन ह्या गावात आली. पहिल्याच वर्षी पंधरा ऑगस्टला शाळेत चार शब्द बोलायचं बोलावणं आलं. सासऱ्यांनी पान लावता लावता सांगितलं, "आपल्या घरच्या बाया टेजावर चढत न्हाईत." विषय तिथंच संपला. बोलण्याची हौस मात्र संपली नाही. पुढे दिनकरराव राजकारणात पडले. पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी त्यांना काही सुचेना, पाण्यावर पाणी प्यायला लागले, तेव्हा कस्तुराबाईनं चुलीपुढे बसून त्यांना भाषण लिहून दिलं. त्या दिवसापासून ती बोलायला लागली, नवऱ्याच्या तोंडानं.

तिची शिस्त कडक होती. परभणीहून एसटीनं येणारं वर्तमानपत्र ती जाहिरातींसकट वाचायची. नवरा म्हणाला, "कुणीतरी म्हणलंय ना, की..." तर ती तिथंच अडवायची.

"कुणीतरी म्हंजे कोण? कुठं म्हणलं? आधार सांगता येत नसंल तर ते वाक्य टाकू नका."

सभेत ती बायकांत बसायची, पदर पुढे ओढून. कोणत्या शब्दाला टाळी पडली, कोणत्या शब्दाला माणसं चुळबुळली, हे ती ध्यानात ठेवायची. टाळी नवऱ्याला पडायची. पदराआड ती आपली समजून घ्यायची.

दिनकररावांचं नाव झालं ते अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला होता. त्यांच्याही गावात वस्तीतली घरं पेटली, आणि वस्तीतल्या माणसांना शाळेच्या खोल्यांत आणून ठेवलं. तालुक्याचे साहेब आले. दिनकररावांना बोलायला सांगितलं. कस्तुराबाईनं एका बैठकीत भाषण लिहून दिलं. ते इतकं तोलून मापून होतं की साहेबांनी रावांची पाठ थोपटली आणि भाऊकीनंही थोपटली. सगळ्यांना खूश करणारं भाषण कसं लिहावं हे आपल्याला साधलं, असं कस्तुराबाईला तेव्हा वाटलं होतं.

त्याला बरीच वर्षं लोटली. नामांतराचा निकाल आता लागतो, मग लागतो असं चाललं होतं आणि गावोगाव पुन्हा ताण वाढला होता, त्या हिवाळ्यात बोरीच्या बाजारात दिनकररावांची सभा झाली. कस्तुराबाई नेहमीसारखी बायकांत बसली होती. तिनं लिहिलं होतं, "बंधूंनो आणि भगिनींनो."

दिनकररावांनी माईक धरला आणि म्हणाले, "मायबहिणींनो, आणि भावांनो."

ती चमकली. पण म्हटलं, चुकून उलटसुलट झालं असेल. पुढे तिचं वाक्य होतं, "त्यांचं म्हणणं काय आहे ते आम्ही समजून घेऊ." रावांच्या तोंडून निघालं, "आपलं म्हणणं काय आहे ते आपण एकमेकांना विचारू." आणि मग, तिनं न लिहिलेलं, न ऐकलेलं, कुठंच नसलेलं एक वाक्य आलं:

"पेरणीला बैल कमी पडले की आपण एकमेकांच्या शेतात सावड करतो. मग गावात सावड कधी करणार?"

टाळ्यांचा असा गजर झाला की कापडाच्या पालात झोपलेली पोरं उठून रडायला लागली. शेजारी बसलेल्या गोजरबाईनं पदरानं डोळे पुसले.

"आज लय आतून बोलायलेत राव," ती म्हणाली.

कस्तुराबाईनं मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्या टाळ्या तिच्या नव्हत्या. आपल्या घरात आपल्याच उतरंडीतून कुणी परकी बाई धान्य काढतीय आणि आपण दारात उभं राहून बघतोय, असं तिला झालं.

घरी आल्यावर तिनं तांब्या पुढे करत विचारलं, "ते सावडीचं कुठनं आणलं?"

"सुचलं."

"उभ्या उभ्या?"

"हाव. कामून? वंगाळ होतं का?"

"वंगाळ कशानं. आधार विचारायले."

"सुचलेल्याला कसला आलाय आधार," असं म्हणून राव हसले आणि हात धुवायला उठले. कस्तुराबाईला वीस वर्षांच्या संसारात एवढं नक्की कळलं होतं की ह्या माणसाला भूक लागते, राग येतो, झोप येते; वाक्य मात्र सुचत नाही.

रावांचा कार्यकर्ता भुजंग सभा टेप करून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्याकडून कॅसेट मागवली आणि घरात कुणी नसताना टेप लावला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. ज्याला त्याला वाटेल, बाई नवऱ्याच्या आवाजात गुंगली आहे. ती एकेक शब्द वेगळा करून उजेडात धरत होती. हा माझा. हाही माझा. हा नाही. परका शब्द आला की ती टेप मागे न्यायची.

"आम्ही" म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, "आपण" म्हटलं की तो आत येतो. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं ठरवूनच "आम्ही" लिहिलं होतं, कारण भाऊकी पुढच्या रांगेत बसते. कुणीतरी तिचं "आम्ही" काढून तिथं "आपण" बसवलं होतं. आणि वाक्य मोडलं नव्हतं, उलट चांगलं झालं होतं. दुःख तेच होतं. मायबहिणींना आधी घेतलं होतं, म्हणजे हे पुरुषाचं काम नव्हतं. पुरुषाला ते सुचलंच नसतं.

बाई आहे, शिकलेली आहे, आणि आपल्यापेक्षा चांगलं लिहिते. तिन्ही गोष्टी तिनं टेपवरून काढल्या.

नवऱ्यानं दुसरीला बांगड्या घेतल्या असत्या तर काय करायचं हे तिला माहीत होतं. रडायचं, माहेरी जायचं, भावाला बोलावून घ्यायचं. पण नवरा दुसरीचे शब्द बोलतो, हे कुणापुढे सांगणार? आधी तो आपले बोलत होता हे सांगावं लागलं असतं.

ती बाई तिला लवकरच सापडली. शाळेत पालकसभा होती. कस्तुराबाईचं धाकटं लेकरू केव्हाच बोरीच्या हायस्कुलात गेलं होतं, तरी ती जाऊन बसली. नव्या बाई बोलायला उठल्या. सरजाबाई त्यांचं नाव. ह्याच गावच्या वस्तीतली मुलगी. घर गेल्यावर आईबाप परभणीला गेले, तिथं ती डीएड झाली आणि बदली होऊन आता स्वतःच्याच गावच्या शाळेवर आली होती. अंगानं किरकोळ, साधं सुती पातळ, आवाज मुळीच न चढवता ती म्हणाली, "मायबहिणींनो, आणि भावांनो." पुढचं कस्तुराबाईनं ऐकलंच नाही. गरजही नव्हती.

भुजंगला तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "राव शाळेकडं जातेत का रे?"

"जातेत की काकू. खोलीचं बांधकाम चालू हाय न. सरजाबाईकडं चहा बी घेतेत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "चंद्रभान काका बोंबलायलेत त्याच्यावरनं."

चंद्रभान म्हणजे रावांचा चुलतभाऊ. तो कशाला बोंबलत होता ते कस्तुराबाईला कळलं. राव वस्तीतल्या घरात चहा पितात ह्याचं तिलाही थोडं टोचलं, खोटं कशाला बोला. पण चहाचं दुःख लहान होतं. त्या चहाबरोबर कागद उघडला जात असेल, तिनं रात्र रात्र घासून लिहिलेल्या ओळींवर ती पोरगी बोट ठेवत असेल आणि राव "हाव, हाव" म्हणत असतील, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. आपल्यापुढे राव कधी "हाव" म्हणाले नव्हते. नुसते घेऊन जायचे.

संक्रांतीच्या आधी बोरीत सलोख्याची मोठी सभा ठरली. गावोगावची माणसं येणार होती. कस्तुराबाईनं भाषण लिहायला घेतलं, आणि तिनं कधी केलं नव्हतं ते केलं. तिनं लिहिलं: "निजामाच्या काळच्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की ह्या पंचक्रोशीत सर्व जातींची माणसं एकाच पाणवठ्यावर पाणी भरत असत." अशी नोंद कुठंही नव्हती. सभेला परभणीहून वाचणारी, भांडणारी पोरं येणार होती. ती उभी राहून विचारणार, कोणतं पान? राव तोंडावर पडणार. मग गोजरबाईच्या कानात एवढंच घालायचं की हल्ली रावांना भाषणं शाळेतल्या बाई लिहून देतात. पुढचं गाव बघून घेईल. कागद तिनं रावांपुढे धरला. रावांनी घडी घालून खिशात ठेवला. ह्या घरातला आधार त्यांनी कधी तपासला नव्हता.

सभेला थोडे दिवस उरले असताना, राव जिंतूरला गेलेले, कस्तुराबाई अंगणात तुरी पाखडत बसली होती. फाटक वाजलं. सरजाबाई उभी होती.

ह्या घरानं वस्तीतल्या माणसाला कधी "या" म्हटलं नव्हतं. "ये" म्हणायचं, तेही उंबऱ्याच्या बाहेरून. कस्तुराबाईच्या ओठांवर दोन्ही शब्द आले. समोर शाळेच्या बाई होत्या.

"या," ती म्हणाली, आणि सूप बाजूला ठेवलं.

सरजाबाई ओट्याच्या कडेला बसली. पिशवीतून तोच घडीचा कागद काढला.

"काकू, ह्यातला पाणवठ्याचा आधार सापडला न्हाई. मी परभणीला जाऊन ग्रंथालयात गॅझेटियर काढून पाह्यलं. समदं चाळलं. असं काही न्हाई त्यात."

"हा कागद तुमच्याकडं कसा?"

"रावांनी दाखवला. दाखवतेत ते हमेशा."

तो "हमेशा" कस्तुराबाईला मिरचीसारखा झोंबला. "मग त्यांनाच विचारा. भाषण त्यांचं हाय."

"भाषण तुमचं हाय, काकू."

"त्यांनी सांगितलं?"

"न्हाई. मीच ओळखलं. राव बोलताना इकडून तिकडून शिवी येती. भाषणात उपमा येती, आन ती कायम घरातली. जातं, विरजण, उतरंड. गडी माणूस विरजणाची उपमा देत न्हाई." ती जराशी हसली. "आन आधार पक्का. कोण बोललं, कुठं बोललं, समदं. मी पोरांना सांगते, आधार द्यावा तर रावांच्या भाषणासारखा. म्हणून हे पाहून वाटलं, चुकून झालं आसंल."

एवढ्या वर्षांत कुणीच ओळखलं नव्हतं. ना सासरच्यांनी, ना तालुक्याच्या साहेबांनी, ना टाळ्या वाजवणाऱ्या हजार माणसांनी. कस्तुराबाईच्या छातीत काहीतरी सुखासारखं हललं, आणि लगेच वाटलं, हे कान हिलाच का द्यावेत देवानं.

"चुकून झालं आसंल," ती म्हणाली.

सरजाबाईनं पुढे खोदलं नाही. कागद गुडघ्यावर ठेवून ती अंगणाकडे बघत राहिली.

"तुमचं एक भाषण मी शाळेच्या खोलीत बसून ऐकलं होतं," ती म्हणाली. "आमचं घर गेलं तवाचं. अंगावरचं तेवढं वाचलं होतं. राव म्हणले, गैरसमजाच्या वणव्यात घरं जळाली. मी शाळकरी होते. मला वाटलं, जळाली? दूध उतू गेलं, दिवा विझला, तशी घरं जळाली? जाळणारा कुठं हाय ह्याच्यात? रावांचा राग आला न्हाई मला. पण ज्यानं कुणी ते लिहिलं, त्याला 'जाळली' लिहिता येत होतं. एका कान्याचा फरक हाय, काकू. ज्याला एवढं तोलून लिहिता येतं त्याला तो दिसला न्हाई, असं होत न्हाई."

कस्तुराबाईनं सूप ओढून पुन्हा मांडीवर घेतलं. फाटकाबाहेरून बैलगाडी गेली.

हे कुणी लिहिलं, असं कुणीतरी विचारावं म्हणून ती जन्मभर थांबली होती. आणि विचारलं ते ह्या शब्दाबद्दल. "रावांनी ऐन वेळी बदललं" असं म्हणता आलं असतं. राव जिंतूरला होते.

"मीच लिहिलं," ती म्हणाली. "दिरांची नावं आली असती."

"हाव," सरजाबाई म्हणाली. "म्हाईत हाय आमाला." मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "ह्या सभेत 'जाळली' म्हणा असं मी रावांना म्हणलं. ते म्हणले, घरात विचारतो. विचारलं का?"

"न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या. मी त्यांना लिहून देते, जमलं तर म्हणतील."

ती उठली. "मी लिहून देते" हे ऐकलं मात्र, कस्तुराबाईनं हात पुढे केला.

"आणा तो कागद इकडं."

आत जाऊन तिनं पेन आणलं. पाणवठ्याचं वाक्य आडव्या रेघांनी पुरतं मिटवलं. खालच्या मोकळ्या जागेत ठळक अक्षरात लिहिलं: "घरं जळाली नाहीत. जाळली." दिरांचं काय होईल, घरात काय होईल, ह्याची भीती तिला होती. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तो शब्द नवऱ्याच्या तोंडी जाणारच असेल तर दुसरीच्या अक्षरात जायला नको होता. सरजाबाईनं कागद वाचला, घडी घातली आणि निघाली. तिला कारण कळलं होतं की नाही, कोण जाणे.

सभेला माणूस मावत नव्हतं. पुढच्या रांगेत भाऊकी, मध्ये चंद्रभान. डाव्या अंगाला वस्त्यावस्त्यांची माणसं, परभणीची पोरं. कस्तुराबाई बायकांत. सरजाबाई तिच्यापासून थोडी लांब, शाळेच्या मुलींबरोबर उभी. राव चांगले बोलत होते. त्या जागेशी आले आणि थांबले. कागदाकडे बघितलं. कस्तुराबाईला वाटलं, शब्द गिळतात.

"त्या साली मी ह्याच तोंडानं म्हणलो होतो, घरं जळाली," राव म्हणाले. "घरं जळाली न्हाईत. जाळली. माझ्या घरातली माणसं होती त्यात, आन मला म्हाईत होतं."

टाळी पडली नाही. चंद्रभान उठला. त्याच्यामागे रांगच्या रांग उठली, सतरंजी तुडवत निघून गेली. डाव्या अंगाची माणसं जागची हलली नाहीत, एक म्हातारा तेवढा डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर घेऊन बसला. राव तसेच उभे होते. मग कागदात नसलेलं ते बोलले.

"लोक म्हणतेत मी चांगलं बोलतो. ही भाषा माझी न्हाई. अर्धी माझ्या घरातली हाय, अर्धी शाळेतली."

गोजरबाईनं वळून कस्तुराबाईकडे पाहिलं. मग आणखी दोघीचौघींनी पाहिलं. कस्तुराबाईनं मान खाली घातली नाही. पदर मात्र नीट केला.

त्यानंतर घरात बरंच झालं. चंद्रभाननं बांधावरचा पाट बंद केला. जावा बोलेनाशा झाल्या. पंचायत समितीत रावांना पुन्हा उभं करायचं नाही असं पक्षाच्या माणसांनी ठरवल्याचं भुजंग सांगून गेला. राव ओट्यावर सुन्न बसून असायचे आणि कस्तुराबाई त्यांच्यापुढे चहा ठेवायची. एवढं होऊन तिला आतून कुरतडत होतं ते निराळंच. अर्धी? सगळी भाषणं मोजली तर त्या पोरीचे शब्द मुठीत मावतील. अर्धी कशी?

संक्रांतीला नामविस्ताराची बातमी रेडिओवर आली. गावात कुठं फटाके वाजले, कुठं दारं लागली. दुसऱ्या दिवशी तिळगूळ द्यायला म्हणून कस्तुराबाईनं सरजाबाईला बोलावणं धाडलं. जावा येणार नव्हत्याच. दोघी ओट्यावर बसल्या, ह्या वेळी सतरंजीवर. वाटीतला लाडू हातात देता देता कस्तुराबाईला राहवलं नाही.

"बाई, एक विचारू? राव अर्धी अर्धी म्हणले. तुमाला पटतं का ते?"

"न्हाई पटत," सरजाबाई लाडू तोडत म्हणाली. "मी त्यांना म्हणलं होतं, काकूंचं लय जास्त हाय, अर्धी म्हणू नका, पाव म्हणा माझी. पण ते म्हणले, पाव ऐकायला बरं लागत न्हाई."

कस्तुराबाईचा हात वाटीवरच राहिला. म्हणजे ते वाक्यही रावांना उभ्या उभ्या सुचलं नव्हतं. तेही आधी शाळेत बोलून झालं होतं.

"घ्या," ती म्हणाली, "आणखी एक घ्या," आणि दुसरा लाडू तिनं जरा जोरातच त्या पोरीच्या हातावर ठेवला.